डाव्या नळीतलं काडतूस

काशीनाथ रेवाळे हे नाव आमच्या गल्लीत कोणालाच माहीत नव्हतं. सगळे त्यांना बंदूकवाले काका म्हणायचे. ईश्वरशेठच्या सोन्याच्या दुकानाबाहेर स्टुलावर बसायचं, मांडीवर बंदूक आडवी ठेवायची आणि आल्यागेल्याकडे बघत राहायचं, एवढीच त्यांची नोकरी. शेठला स्वतःची परवान्याची बंदूक घेऊन येणारा माणूस हवा होता. काशीनाथभाऊंकडे वडिलांच्या मागे त्यांच्या नावावर झालेली दोननळी होती, म्हणून त्यांची वर्णी लागली. "पगार तिला आहे ताई, मी नुसता तिचा हमाल," असं ते मला म्हणायचे.

मी उर्मिला. भाईंदर पूर्वेला, शेठच्या दुकानाला लागून माझं ब्लाऊज आणि फॉल-पिकोचं दुकान आहे. भाऊंचं स्टूल दोन दुकानांच्या मधल्या खांबाला टेकलेलं, म्हणजे माझ्या मशीनपासून हातभर अंतरावर. इतकी वर्षं एखाद्याच्या शेजारी बसलं की नवऱ्यापेक्षा त्याचीच जास्त माहिती होते. त्यातून मी बोलणारी आणि ते ऐकणारे, त्यामुळे आमचं बरं जमायचं. ते मंडणगडचे, मी पोलादपूरची. माझ्यापेक्षा वयाने बरेच मोठे असून ते मला ताई म्हणायचे, आणि मी त्यांना भाऊ.

अंगाने सुकट. खाकी शर्ट धुऊन धुऊन पांढऱ्याकडे झुकलेला. शेठने त्यांना मिशा काळ्या करायला लावल्या होत्या. पिकल्या मिशीच्या बंदूकवाल्याला चोर नमस्कार करून आत जाईल, असं शेठचं म्हणणं. मिशा रंगवून आले की मी त्यांना "या नवरदेव" म्हणायची आणि ते खरोखरच लाजायचे. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागे. तेवढे दिवस भाऊ काठी घेऊन बसायचे, आणि काठीला बंदुकीचा पगार द्यावा लागतो म्हणून शेठ तोंड वाकडं करायचा.

बायको, आशावहिनी, गावी शेतीपाशी. भाऊ इथे खारी गावात गोदूबाईंच्या चाळीत एक खोली घेऊन राहायचे. गोदूबाई खारीच्या मूळच्या. नवरा लवकर गेला, अंगणापलीकडच्या खोल्यांच्या भाड्यावर त्यांनी संसार ओढला. पदरात एकच मुलगा, अमोल. भाऊ त्या चाळीत आले तेव्हा अमोल हाफपँटीत होता. भाऊंना मूलबाळ नाही. दोन घरांत एक मूल असलं की ते कोणाचं हे विचारायचं नसतं. रविवारी गोदूबाई मासळीचं कालवण पाठवायच्या, आणि संध्याकाळी भाऊ अमोलला मैदानावर घेऊन जायचे.

अमोल कबड्डी खेळायचा. नुसता खेळायचा नाही, खारीचं नाव त्याने पार रायगडपर्यंत नेलं. चढाईला गेला की पोरं पाठीमागे ओरडायची आणि भाऊ मात्र मैदानाच्या कडेला उकिडवे बसून गप्प बघत राहायचे. सामना सुटला की दुसऱ्या दिवशी मला सगळं सांगणार, कुठल्या चढाईला त्याने डावा पाय कसा टाकला, कोणाला कसं हुलकावलं. मला कबड्डीतलं ओ की ठो कळत नाही, पण अमोलचे पाय मला तोंडपाठ होते. पुढे एका कंपनीच्या संघात त्याला घेतलं, नोकरी लागली, मनालीशी लग्न झालं. लग्नात भाऊंनी नवा शर्ट शिवला, तो मीच शिवून दिला. शर्ट मी कधी शिवत नाही, कॉलर बिघडली, तरी त्यांनी तोच घातला.

आता काडतुसांचं सांगते, कारण सगळं तिथेच आहे.

बंदुकीत काय घालावं यावर आमच्या गल्लीत सगळ्यांची मतं होती. पानवाला म्हणायचा, रिकामी ठेवा, बघूनच चोर पळेल. शेठचा मेहुणा म्हणायचा, सबसे बडावाला डालो. भाऊ सगळ्यांचं ऐकून घ्यायचे. जुनी काडतुसं आमच्या दमट हवेत फुगली तेव्हा शेठने त्यांना नवी आणायला मुंबईला पाठवलं. मलाही त्याच बाजूला अस्तर आणि लेस घ्यायची होती, म्हणून आम्ही बरोबरच गेलो. बंदुकीच्या दुकानात मी पहिल्यांदाच पाऊल टाकत होते. मला वाटलं होतं, आत मोठे मोठे मिशाळ लोक असतील. आत एक चष्मेवाला म्हातारा डबा खात बसला होता.

म्हाताऱ्याने हात धुतले आणि भाऊंना विचारलं, "कशासाठी? शेतासाठी की राखणीसाठी?"

"राखणीसाठी. बाजारात दुकान आहे, माणसं असतात."

म्हाताऱ्याने दोन खोके पुढे ठेवले. एकात आठ नंबर, म्हणजे मोहरीहून जरासे मोठे, बारीक छर्रे, पाखरं मारायचे. दुसऱ्यात एलजी, म्हणजे वाटाण्याहून मोठ्या, मोजक्याच गोळ्या, डुकरासाठीच्या. तो म्हणाला, गर्दीत एलजी चालवू नका. नेम चुकला तर ती मागच्या माणसाला जाऊन लागते आणि लागली की हाड ठेवत नाही. बारीक छर्रा लांबून लागला तर माणूस सहसा वाचतो.

"म्हणजे आठ नंबरने मरत नाही?" मी मध्येच तोंड घातलं.

"बाई, जवळून कुठलंच काडतूस दयाळू नसतं," तो म्हणाला आणि परत डबा उघडून बसला.

भाऊंनी एकेक काडतूस हातात घेऊन पाहिलं, तूरडाळ निवडावी तसं. आठ नंबरचा खोका घेतला. मग घुटमळले आणि थोडी एलजीही घेतली. बाहेर पडल्यावर मी विचारलंच, एवढं सांगितलं त्या म्हाताऱ्याने, मग ती कशाला?

"उजव्या नळीत बारीक, डाव्या नळीत एलजी. आमच्या बाबांची रीत आहे ती."

मग येताना त्यांनी मला ती रीत समजावली. दोननळीला दोन चाप असतात, एकामागे एक. पुढचा ओढला की उजवी नळी उडते, मागचा ओढला की डावी. भाऊंच्या वडिलांची बंदूक पिकाच्या राखणीची. भात पोटरीत आलं, कणीस धरायला लागलं की रानडुकरं एका फेरीत वर्षाचं पोट उलथून टाकायची. शिकार कायद्याने केव्हाच बंद झाली होती, पण डुकरांना तो कायदा कोणी वाचून दाखवला नव्हता, आणि खरं सांगायचं तर गावानेही तो फारसा वाचला नव्हता. रानात जाताना पुढे रानकोंबडा उठेल म्हणून पुढच्या चापाला बारीक छर्रा, आणि झाडीतून अचानक डुक्कर अंगावर आलं तर मागच्या चापाला एलजी. अंगावर आलेल्या डुकराला विचार करायला वेळ नसतो, म्हणून वडिलांनी भाऊंचं बोट तयार करून घेतलं होतं. लहानपणी रिकाम्या बंदुकीवर रोज. बाबा ओरडायचे "कोंबडा", बोट पुढच्या चापावर. बाबा ओरडायचे "आला", बोट मागच्या चापावर, आणि नळी गुडघ्याच्या उंचीला खाली.

"एकदा चुलत्यांनी घाईत डुकराला बारीक छर्रा मारला," भाऊ म्हणाले. "ते मेलं नाही. वळून आलं आणि रान उठवणाऱ्या हाकाऱ्याच्या मांडीत सुळा घातला. तो माणूस पुढे कायम लंगडला. बाबा म्हणायचे, मारायचं तर मारावं, दुखवून सोडू नये."

"पण भाऊ, भाईंदरात कुठे डुकरं आलीत तुमची?"

"म्हणून तर पुढचा चाप बारीक ठेवलाय. माणसाला तोच. मागचा आपला असावा म्हणून."

दुकानात आल्यावर शेठनेही तेच म्हटलं. शेठ लोभी असेल, पण जिवाला घाबरणारा माणूस, स्वतःच्या आणि दुसऱ्याच्याही. "काकाजी, दोन्हीमध्ये छोटावालाच टाका ना. बाहेर पब्लिक असते." भाऊ नेहमी शेठपुढे मान हलवायचे. त्या दिवशी मात्र हलवली नाही. एका तरी नळीत खरं काडतूस असू द्या, नाहीतर बंदूक कशाला, काठीच द्या, असं काहीसं ते म्हणाले. काठीचं नाव निघालं की त्यांना लागायचं. शेठने खांदे उडवले. मीही पुढे काही बोलले नाही, माझ्याकडे लग्नसराईची शिलाई होती. बंदूक भरली गेली ती तशीच, उजवीकडे दया आणि डावीकडे बाप.

त्यानंतर वर्षं गेली. एकदाही गोळी झाडायची वेळ आली नाही. भाऊ बंदूक पुसायचे, तेल द्यायचे, घरी जाताना काडतुसं काढायचे आणि सकाळी पुन्हा त्याच नळ्यांत तीच घालायचे.

मग शेजारच्या शहरात हेल्मेट घातलेल्या दोघांनी एक सोन्याचं दुकान लुटल्याची बातमी आली आणि सगळ्या बाजाराची झोप उडाली. शेठने दारावर पाटी लावली, हेल्मेट काढून आत या. काउंटरखाली पायाने दाबायचा एक खटका बसवून घेतला. तो दाबला की बाहेर भोंगा वाजणार. भाऊ त्या दिवसांत स्टुलावर टेकायचेच नाहीत, उभे राहायचे. चहा दिला तरी डोळे रस्त्यावर. मी म्हटलं, भाऊ, तुमच्याकडे बघून गिऱ्हाईक परत जातंय. ते हसलेसुद्धा नाहीत.

दुपारची वेळ होती. मनाली मंगळसूत्राची तुटलेली वाटी जोडून घ्यायला आली. भाऊंना म्हणाली, "काका, हा येतोय, गाडी लावतोय पलीकडे," आणि आत गेली. भाऊंनी मान हलवली. हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. भाऊंनीही ऐकलं होतं.

आत शेठच्या हातून डबी निसटली. ती उचलायला तो वाकला आणि त्याचा पाय खटक्यावर पडला. भोंगा सुरू झाला. तो आवाज असा होता की माझ्या हातातली शिवण वाकडी गेली. मी मान वर केली तर रस्त्याच्या पलीकडून हेल्मेट घातलेला एक माणूस सरळ आमच्याकडे धावत येत होता. त्याची बायको आत होती आणि भोंगा वाजत होता, तो दुसरं काय करणार. तो कोण हे मला नंतर कळलं. भाऊ माझ्यापुढे हातभर अंतरावर होते. त्यांची बंदूक वर आली, आणि मग जराशी खाली झाली. मला वाटलं, त्यांनी ओळखलं, बंदूक खाली घेतली. तेवढ्यात आवाज झाला.

अमोल रस्त्याच्या मधोमध पडला. उजव्या पायावर पडला आणि तो पाय त्याच्याखाली नको तिकडे वळला होता. भाऊंनी बंदूक स्टुलावर ठेवली, धावत गेले आणि हेल्मेट काढलं. मग तिथेच रस्त्यात बसून त्यांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. मी अस्तराचा अख्खा तागा घेऊन पळाले आणि त्याच्या मांडीला आवळून बांधला. मनाली किंचाळत होती आणि वर भोंगा चालूच होता, कारण तो बंद कसा करायचा हे शेठला माहीत नव्हतं.

पाय वाचला नाही. गुडघ्याच्या वर कापावा लागला. भाऊंना पोलिसांनी तिथूनच नेलं. कोठडी झाली, मग जामीन, आणि ठाण्याच्या कोर्टात केस सुरू झाली, ती अजून चालू आहे. वकिलाने सांगितलं, भोंग्याने दचकलो, हात थरथरला, बंदूक उडाली, एवढंच म्हणायचं. भाऊंनी तेवढंच म्हटलं. आणि अमोलनेही जबाबात तेच सांगितलं. काकांनी मुद्दाम नाही मारलं साहेब, अपघात झाला. हॉस्पिटलच्या खाटेवर, पाय गेलेला, आणि तो भाऊंची बाजू सांगत होता.

गोदूबाईंची तर कमालच. जामिनावर सुटल्यावर भाऊ खोली रिकामी करायला गेले, तर त्या दारात उभ्या राहिल्या. "खय जातंस? तुजा हात थरथरला, आमचा नशीब खोटा. तुजा काय गुन्हा हाय? खोली सोडायची न्हाय." आणि रविवारी पुन्हा कालवण पाठवलं. ते कालवण भाऊंच्या घशाखाली कसं उतरलं असेल, देव जाणे. मला ते पूर्वीपेक्षाही बारीक दिसायला लागले. मिशा रंगवायचं सोडलं होतं.

बंदूक पोलिसांकडे जप्त, नोकरी गेलेली. भाऊ दिवसभर माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसायचे. शेठने पायात बूट घातलेला एक तरणा वॉचमन ठेवला होता, त्याच्याकडे नुसती काठी. भाऊ त्याच्याकडे बघायचेही नाहीत. मी बोलत राहायची, ते ऐकत राहायचे, पण आता ते ऐकत नव्हते हे मला कळायचं.

असं वर्ष उलटून गेलं आणि एके दिवशी ते अचानक म्हणाले, "ताई, बंदूक उडाली नव्हती."

मी मशीन थांबवलं.

"उडाली असती तर पुढच्या चापाने उडाली असती. दचकून बोट पुढच्यावर पडतं. माझं बोट मागच्यावर गेलं. पुढचा सोडून मागे गेलं, ताई. एलजीवर. आणि नळी मी खाली घेतली, गुडघ्याच्या उंचीला."

मला पटकन समजलं नाही. मग समजलं. त्या दिवशी बंदूक खाली झालेली मी पाहिली होती. मी मनात त्याला दया समजून बसले होते.

मी त्यांना झापलं. हो, झापलंच. म्हटलं, भाऊ, आता गप्प बसायचं. सगळं निस्तरत आलंय, पोराने माफ केलंय, त्याच्या आईने माफ केलंय, कोर्टात सुटाल. हे बोलून कोणाचा पाय परत येणार आहे? तुम्हाला आत जायची हौस आलीय का?

"तो हेल्मेटला दोष देतोय, ताई," भाऊ म्हणाले.

ते खरं होतं, आणि मलाही माहीत होतं. अमोलने सगळी चूक स्वतःवर घेतली होती. दारावर पाटी होती, हेल्मेट काढायला काय झालं होतं, असं तो भेटेल त्याला म्हणायचा. मैदानावरच्या पोरांना हसत सांगायचा, माझ्यासारखा येडेपणा करू नका. घरात हसू नव्हतं. मनाली चिडली की तेच काढायची, शंभरदा सांगितलं होतं, हेल्मेट हातात घे म्हणून. गोदूबाई तेच म्हणायच्या. कंपनीने त्याला स्टोअरमध्ये टेबलावर बसवलं होतं. तो कामावरून येऊन अंगणात बसायचा आणि त्या एका हेल्मेटवरून घर त्याला कुरतडत राहायचं. भाऊ समोरच्या खोलीतून ते रोज ऐकायचे.

"त्याला वाटतंय, हेल्मेट नसतं तर पाय राहिला असता. जन्मभर वाटत राहील. ते खोटं आहे हे फक्त मला माहितेय."

रविवारी त्यांनी मला बरोबर चलायला सांगितलं. एकट्याने जायचा धीर नव्हता. मी गेले.

गोदूबाई अंगणात बोंबील साफ करत बसल्या होत्या. अमोल खाटेवर होता, नकली पाय शेजारी काढून ठेवलेला. मनालीने आम्हाला खुर्च्या दिल्या. भाऊ बसले नाहीत.

"अमोल, मी वकिलाचं ऐकून खोटं बोललो," ते म्हणाले. "बंदूक उडाली नव्हती. मी मारली."

मग त्यांनी सगळं सांगितलं. दोन काडतुसांचं, दोन चापांचं, वडिलांनी बोट कसं तयार केलं होतं त्याचं. शेठने दोन्हीकडे बारीकच घाला म्हटलं होतं, तरी आपणच ऐकलं नाही, हेही सांगितलं. ते काही वगळत नव्हते. बोलताना त्यांचा उजवा हात मांडीशी होता आणि बोट हलत होतं, त्यांना ते कळत नसावं. मला तिकडे बघवेना.

अमोलने शेजारचा नकली पाय जरा बाजूला सरकवला. मग म्हणाला, "काका, हेल्मेट नसतं तर तुम्ही मला ओळखलं असतं ना?"

मला वाटलं, आता तरी भाऊंनी हो म्हणावं. एवढं खोटं चाललं असतं.

"नाही," भाऊ म्हणाले. "मी तोंडाकडे बघितलंच नाही. अंगावर येतं त्याचं तोंड आम्ही बघत नाही. खाली बघतो. डुक्कर तेवढंच उंच असतं."

मनाली उठून आत गेली. गोदूबाईंचे हात बोंबलात तसेच राहिले.

"म्हंजे माजा पोर तुला डुकर दिसला," त्या म्हणाल्या.

"हो वहिनी."

त्या पदराने तोंड पुसायला गेल्या आणि हात मासळीचे आहेत हे आठवून तशाच थांबल्या.

"इतके दिवस मी त्या हेल्मेटला शिव्या देतोय," अमोल म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, उलट नेहमीपेक्षा खाली. "स्वतःला देतोय. बायको देतेय, आई देतेय. आणि तुम्ही इथे समोर बसून ऐकत होता, काका."

"हो."

"बरं झालं सांगितलंत. खरंच बरं झालं. डोक्यावरचं उतरलं." तो थांबला. "कोर्टात काय बोलायचं ते मी बघेन. पण खोली सोडा आता. रोज तुम्हाला बघणं मला जमणार नाही."

गोदूबाईंनी या वेळी दार अडवलं नाही.

आम्ही बाहेर आलो. मला भाऊंचा राग येत होता आणि त्यांच्यासाठी रडूही येत होतं. दोन्ही एकदम आलं की माझं डोकं चालत नाही, म्हणून मी भराभर पुढे चालत होते. मागे वळून बघितलं तर भाऊ मैदानाच्या कडेला थांबले होते. आत पोरं कबड्डी खेळत होती. मी परत गेले आणि म्हटलं, चला भाऊ, झालं ते झालं, तुम्ही खरं बोललात, आता गावी आशावहिनींकडे जा.

ते मैदानाकडेच बघत होते.

"त्याचे पाय मी तो एवढासा असल्यापासून बघतोय ताई," ते म्हणाले. "शंभर पोरांत नुसत्या पायांवरून सांगितलं असतं, हा आपला अमोल. आणि त्या दिवशी मी दुसरीकडे कुठे बघतच नव्हतो. पायांकडेच बघत होतो."